बुगांडाचा कबाका मुटेसा पहिला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व आफ्रिकेच्या इतिहासाबद्दल मराठीत वाचायला फार थोडं मिळतं. जे मिळतं ते बहुतेक वेळा तिथे गेलेल्या गोऱ्या प्रवाशांभोवती फिरतं आणि ज्याच्या दारात ते प्रवासी उभे होते तो राजा कोपऱ्यात राहतो. या पानावर तोच राजा मधोमध ठेवला आहे.

मुटेसा कोण होता? त्याने किती वर्षं राज्य केलं?

बुगांडा राज्याचा तो तिसावा राजा, म्हणजे कबाका. १८५६ मध्ये गादीवर आला आणि ऑक्टोबर १८८४ मध्ये वारला, म्हणजे एकूण २८ वर्षांची कारकीर्द. गादीवर आला तेव्हा विशीच्या आतबाहेरचा होता. त्याचे वडील कबाका सूना दुसरे देवीच्या साथीत गेले.

बुगांडा आणि युगांडा एकच का?

नाही. बुगांडा हे जुनं राज्य, व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर आणि वायव्य काठावरचं. आजचं कंपाला शहर त्याच्या पोटात येतं. युगांडा हा आजचा देश. त्यात बुगांडाबरोबर बुन्योरो, बुसोगा, अंकोले असे कितीतरी प्रदेश आहेत. किनाऱ्यावरचे स्वाहिली बोलणारे लोक बुगांडाला ‘युगांडा’ म्हणत. इंग्रजांनी तोच उच्चार उचलला आणि पुढे अख्ख्या देशाला ते नाव चिकटलं.

लोकांना बागांडा म्हणतात, त्यांच्यातल्या एकाला मुगांडा आणि भाषेला लुगांडा. राजा तो कबाका. सरोवराचं त्यांचं स्वतःचं नाव नालुबाले, आणि तिथले लोक ते आजही वापरतात.

‘मुकाब्या’ हे नाव कुठून आलं?

हेही मुटेसाचंच नाव. मुकाब्या म्हणजे रडवणारा. मुटेसा हे नाव ज्या क्रियापदाशी जोडलं जातं त्याचा अर्थ मसलत करणं, विचारविनिमय करणं. हा माणूस समजून घ्यायचा तर ही दोन नावं शेजारीशेजारी ठेवून पाहावीत असं मला नेहमी वाटतं. कारकिर्दीच्या सुरुवातीला लोकांनी रडवणारा पाहिला. पुढच्या वर्षांत चार धर्मांचे आणि चार देशांचे लोक समोर बसवून प्रत्येकाचं ऐकून घेणारा पाहिला. पण दुसरं नाव आलं म्हणून पहिलं पुसलं गेलं नाही, हेही तितकंच खरं.

गादी थोरल्या मुलाकडे जायची ना?

तसा नियम नव्हता. राजाच्या पुष्कळ मुलांपैकी कोणाला बसवायचं हे दरबारातले वजनदार लोक ठरवत. मुटेसाच्या वेळी कटिकिरो, म्हणजे मुख्य प्रधान असलेल्या कायीराचा शब्द चालला. त्याने निवडलेला हा तरुण मुलगा सुरुवातीला तसा दुबळाच होता. उरलेले भाऊ म्हणजे उद्याचे दावेदार, म्हणून ते पहाऱ्यात असत आणि त्यांच्यापैकी फार थोडे जगत.

बुगांडात मूल बापाच्या कुळाचं धरलं जातं, पण राजाच्या बाबतीत मात्र उलटं. तो आईचं कुळ लावतो. त्यामुळे राजगादी कोणा एका कुळाची मिरास होत नाही. ज्या कुळातली मुलगी राजवाड्यात गेली आहे त्या प्रत्येक कुळाला आपला नातू राजा होईल अशी आशा राहते. मुटेसाची आई मुगांझिर्वाझा हत्ती कुळातली. राजमातेला नामसोले म्हणतात. तिचा वाडा वेगळा, दरबार वेगळा, जमिनी वेगळ्या आणि अंमलदारही वेगळे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला राजाची मर्जी जितकी सांभाळावी लागे, तितकीच नामसोलेची.

१८८२ मध्ये ती वारली तेव्हा राजाने स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर मॅके याच्याकडून तिच्यासाठी शवपेटी करून घेतली. हा मॅके पेशाने इंजिनियर, त्यामुळे काम त्याच्याच गळ्यात पडलं. एकात एक अशा तीन पेट्या, मधली तांब्याची, आणि बाहेरची तर एखाद्या खोलीएवढी. खड्ड्यात कापडाचे ढीगच्या ढीग ओतले गेले. किनाऱ्यावरून महिनोनमहिने डोक्यावर वाहून आणलेलं कापड होतं ते.

राज्य चालायचं कसं?

मुलूख परगण्यांमध्ये वाटलेला होता. परगण्याला साझा म्हणत आणि प्रत्येक साझाच्या प्रमुखाला ठरलेली पदवी असे. बुड्डूचा पोकिनो, सिंगोचा मुक्वेंडा, च्याग्वेचा सेकिबोबो. माणूस बदलला तरी पदवी तीच. जुन्या कुळांच्या प्रमुखांना बाटाका म्हणत आणि त्यांचा मान जमिनीशी, पूर्वजांच्या थडग्यांशी बांधलेला असे. कबाका मात्र आपल्या मर्जीतल्या लोकांना नव्या जागा, नवी पथकं देत गेला. त्यांची नेमणूक त्याच्या हातात आणि हकालपट्टीही. या नव्या माणसांच्या जोरावर जुन्या घराण्यांचं वजन कमी होत गेलं. ही चाल मुटेसाच्या आधीपासून सुरू होती, त्याने ती पुढे रेटली.

या माणसांची शाळा म्हणजे राजवाडाच. सरदार आपली मुलं दरबारी पोरं म्हणून पाठवत. निरोप ने, पाणी आण, दाराशी उभा राहा, अशी कामं करता करता ती राज्यकारभार शिकत. त्यांतलीच काही पुढे परगणे सांभाळत, काही एका चुकीपायी जीव गमावत.

आणि रस्ते. परगण्यांच्या ठाण्यांपासून राजधानीपर्यंत सरळ, रुंद रस्ते काढलेले असत. मध्ये टेकडी आली तर टेकडीवरून, दलदल आली तर तिच्यावर लाकडं टाकून. पहिल्यांदा आलेल्या युरोपियनांनी या रस्त्यांचं मनापासून कौतुक केलं आहे.

बुगांडाबद्दल वाचताना केळीचा एवढा उल्लेख का येतो?

कारण राज्याचा पाया तीच आहे. माटोके म्हणजे शिजवून खायची हिरवी केळी. सोलून, केळीच्या पानांत बांधून, वाफेवर मऊ करून कुस्करतात. सरोवराकाठी पाऊस वर्षभर वाटून पडतो, त्यामुळे केळीची बाग एकदा लागली की वर्षानुवर्षं फळते. दरसाल नांगरट नको, पेरणी नको, कोठारं नकोत. बाग बायका सांभाळत. एका बाईच्या कष्टावर कितीतरी पुरुष जेवत आणि ते पुरुष मग रस्ते, होड्या, लढाया आणि दरबारासाठी मोकळे राहत. मुटेसाच्या फौजांबद्दल लिहिताना या बायकांचं नाव कोणी घेत नाही, पण तो सगळा डोलारा त्यांच्या पाठीवर उभा होता.

सालीचं कापड म्हणजे नक्की काय?

मुटुबा नावाचं झाड असतं, वडा-उंबराच्या जातीतलं. पावसाळ्यात त्याची आतली साल अखंड सोलून काढतात आणि उघड्या पडलेल्या खोडाला लगेच केळीची पानं गुंडाळतात, म्हणजे झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. काढलेली साल ओंडक्यावर पसरून खाचा पाडलेल्या लाकडी मोगरीने तासन्‌तास ठोकायची. ठोकता ठोकता ती पसरत जाते, मऊ पडते आणि उन्हात वाळली की भाजलेल्या विटेसारखा तांबूस रंग येतो. मुटेसाच्या काळी घराबाहेर पडताना अंगावर हे कापड नीट गुंडाळलेलं असणं म्हणजे सभ्यपणा. दरबारात याबाबतीत ढिलाई चालत नसे.

मुटेसा आणि स्पीक यांची भेट कशी झाली?

जॉन हॅनिंग स्पीक नाईलचा उगम शोधत फेब्रुवारी १८६२ मध्ये मुटेसाच्या राजधानीत पोचला. तिथे येणारा तो पहिला युरोपियन. भेटीचं वर्णन त्यानेच लिहून ठेवलं आहे, म्हणजे एकाच बाजूचं आहे, पण बारकावे फार बोलके आहेत.

पहिल्या दिवशी त्याला बाहेर उन्हात जमिनीवर बसून वाट पाहायला सांगितलं. त्याने नकार दिला आणि सरळ आपल्या झोपडीकडे चालू लागला. राजाला पाठ दाखवून कोणी निघून गेल्याचं दरबाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. धावाधाव झाली, त्याला परत बोलावलं, स्वतःची खुर्ची आणायची परवानगी मिळाली. समोर गवताच्या ओट्यावर तांबड्या घोंगडीवर मुटेसा बसला होता. उंच, देखणा, साधारण पंचविशीचा, अंगावर सालीचं कोरं कापड, हातापायाच्या प्रत्येक बोटात आलटून पालटून पितळेच्या आणि तांब्याच्या अंगठ्या. शेजारी पांढरा कुत्रा, भाला, ढाल आणि एक स्त्री, ही राजचिन्हं. दोघं तासभर एकमेकांकडे नुसते बघत राहिले. मग राजाने माणूस पाठवून विचारलं, मला पाहिलंस का? स्पीक म्हणाला, तासभर पाहिलं.

यात आपल्याशी जोडलेली एक गोष्ट आहे. स्पीकला लुगांडा येत नव्हती. त्याच्याबरोबर सिदी मुबारक बॉम्बे नावाचा माणूस होता. हा मूळचा आफ्रिकेतल्या याओ लोकांपैकी. लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, एका हिंदी व्यापाऱ्याने त्याला हिंदुस्थानात आणलं, वर्षं इकडे काढून तो मोकळा होऊन परतला आणि आपल्या मुंबईचं नाव आडनावासारखं घेऊन गेला. स्पीक हिंदुस्थानातल्या फौजेत नोकरी केलेला, त्यामुळे हे दोघे आपसात हिंदुस्थानीत बोलत. स्पीक बॉम्बेला सांगणार, बॉम्बे नसीब नावाच्या दुभाष्याला, नसीब एखाद्या दरबारी अंमलदाराला आणि तो कबाकाला, कारण परक्याने राजाशी थेट बोलणं रीतीला धरून नव्हतं. म्हणजे नाईलच्या उगमाजवळच्या त्या दरबारात १८६२ साली रोज हिंदुस्थानी कानावर पडत होती. ही साखळी मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

स्पीक साडेचार महिने राहिला. राजा त्याला सहजासहजी जाऊ देत नव्हता. जुलैच्या अखेरीस तो नाईल सरोवरातून बाहेर पडते त्या धबधब्यावर पोचला. तो धबधबा १९५४ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाच्या पाण्याखाली गेला.

मुटेसा क्रूर होता का?

होता. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. स्पीकने दिलेल्या बंदुकांपैकी एक मुटेसाने स्वतः भरली, एका पोराच्या हातात दिली आणि बाहेरच्या चौकात जाऊन माणूस मारून ये म्हणून सांगितलं. पोरगा गेला, मारून आला, खुशीत सांगू लागला. कोण मेलं हे कोणीही विचारलं नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हा प्रकार एका तरुण राजाच्या स्वभावापुरता नव्हता. मृत्युदंड हे तिथे सत्तेचं रोजचं हत्यार होतं आणि गादी डळमळीत असली की ते जास्त चाले. दुसरी, ज्यांनी ही वर्णनं युरोपात नेली त्यांच्यापैकी काहींना पुढे हा मुलूख ताब्यात हवा होता आणि ‘रानटी राजा’चं चित्र त्यांच्या सोयीचं होतं. पण मुकाब्या हे नाव युरोपियनांनी दिलेलं नाही. ते लुगांडातलं आहे.

भारतीय व्यापारी बुगांडापर्यंत पोचले होते का?

माल पोचला होता. झांझिबारच्या बाजारपेठेत कच्छी भाटिया, खोजा, बोहरा पेढ्या होत्या. तिथल्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता आणि आत जाणाऱ्या अरब तांड्यांना भांडवल याच मंडळींकडून मिळे. सुरतेचा एक खोजा व्यापारी, ज्याला तिकडे मुसा म्झुरी म्हणत, किनाऱ्यापासून शेकडो मैल आत तबोऱ्याला घर करून राहिला होता. किनारा, तबोरा, काराग्वे आणि मग बुगांडा अशी ती वाट. आत जायचं ते कापड, मणी, तांब्या-पितळेची तार आणि बंदुका. निळीत रंगवलेल्या ‘कनिकी’ कापडाला मोठी मागणी, आणि ते आपल्याकडून जाई. बाहेर यायचा तो हस्तिदंत, आणि त्यातला मोठा वाटा मुंबई बंदरात उतरे. पश्चिम हिंदुस्थानातल्या नवऱ्यामुलींच्या हातात तेव्हा जे हस्तिदंती चुडे होते, त्यांतले काही नालुबालेच्या काठच्या हत्तींचे असणार.

रेल्वेसाठी गेलेले पंजाबी आणि गुजराती मजूर-दुकानदार ही पुढची गोष्ट. ती गाडी सरोवराला पोचली १९०१ मध्ये. मुटेसा तेव्हा नव्हता.

गुलामांचा व्यापार होता का?

होता, आणि मुटेसाच्या काळात वाढला. हस्तिदंताबरोबर माणसंही विकली जात. बहुतेक शेजारच्या मुलखांवरच्या धाडींत धरून आणलेली, त्यांत बायका-मुलं जास्त. बंदुकांची किंमत अशी चुकवली जात होती.

तो मुसलमान झाला होता की ख्रिस्ती?

शेवटपर्यंत विधिवत कोणताच नाही. पण एवढ्या उत्तराने भागत नाही.

अरब व्यापारी त्याच्या वडिलांच्या काळात, १८४४ मध्येच, आले होते. मुटेसाने त्यांच्याकडून अरबी लिपी शिकून घेतली, स्वाहिली शिकला, १८६७ पासून सुमारे दहा वर्षं रमजान पाळला, मशिदी बांधायला लावल्या. मात्र सुंता करून घेतली नाही, कारण कबाकाच्या अंगाला शस्त्र लागणं परंपरेला मान्य नव्हतं. तिथेच पेच पडला. उत्तरेकडून इजिप्तच्या बाजूचे मुसलमान आले आणि म्हणाले, सुंता न झालेला माणूस नमाजाचा पुढारी कसा? दरबारातल्या मुसलमान पोरांनी राजाच्या घरचं मांस खायचं नाकारलं. आपल्याच पोरांनी आपल्यापेक्षा वरची आज्ञा मानावी हे त्याला सहन झालं नाही. १८७६च्या सुमारास त्यातल्या सत्तरएक जणांना नामुगोंगोला जिवंत जाळण्यात आलं. त्याच नामुगोंगोला पुढे त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत ख्रिस्ती तरुण जाळले गेले. त्यांचं स्मरण जगभर होतं. या आधीच्या पोरांचंही तेवढंच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल १८७५ मध्ये प्रवासी आणि पत्रकार हेन्री मॉर्टन स्टॅन्ली आला. त्याने बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या, राजाने लक्ष देऊन ऐकल्या आणि मिशनरी पाठवा म्हणून आवाहन करणारं स्टॅन्लीचं पत्र नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये छापून आलं. इंग्रज प्रॉटेस्टंट मिशनरी १८७७ मध्ये पोचले आणि फ्रेंच कॅथलिक १८७९ मध्ये. मुटेसाने त्यांना दरबारात समोरासमोर बसवलं. मॅके आणि फ्रेंच पाद्री लूर्देल भर सभेत वाद घालत, मुसलमान आपली बाजू मांडत आणि राजा प्रश्न विचारत राही. १८७९च्या अखेरीस त्याने जाहीर केलं की आपले जुने लुबाले देवच बरे.

म्हणजे तो धरसोड करणारा होता?

मिशनऱ्यांनी तसंच लिहिलं. मला ते पटत नाही. त्याच काळात उत्तरेकडे काय चाललं होतं ते पाहा. इजिप्तचा खेदिव, म्हणजे तिथला सत्ताधीश, इस्माईल नाईलच्या काठाने दक्षिणेकडे सरकत होता, त्याच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी गॉर्डन सरोवरापर्यंत ठाणी टाकायच्या विचारात होता आणि १८७६ मध्ये तर इजिप्तचे शिपाई मुटेसाच्या राजधानीतच येऊन बसले. मुटेसाने त्यांच्याशी लढाई केली नाही. त्यांना असं अडकवून ठेवलं की ते पाहुणे की कैदी हे त्यांचं त्यांनाच कळेना, आणि शेवटी त्यांना सोडवून परत नेण्यासाठी गॉर्डनला बोलणी करायला माणूस पाठवावा लागला.

इजिप्त मुसलमान, म्हणून इंग्रज ख्रिस्ती जवळ केले. इंग्रज एकटे शिरजोर होऊ नयेत म्हणून फ्रेंचांना जागा दिली. झांझिबारच्या सुलतानाशी दोस्ती तुटू दिली नाही. मिशनऱ्यांकडे बंदुका आणि बंदुकीची दारू करायची विद्या मागितली आणि ते धर्मच शिकवू लागले तेव्हा त्याची निराशा झाली. १८७९ मध्ये त्याने तीन वकील नाईलच्या वाटेने इंग्लंडला धाडले, १८८० मध्ये ते व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परत येऊन तिकडची हकिगत सांगितली. बाहेर काय चाललं आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून नको होतं.

त्याची जिज्ञासा मात्र खरी होती असं मी मानतो. वाचायला त्याने स्वतः शिकून घेतलं आणि दरबारातल्या पोरांनाही शिकू दिलं. नव्या धर्माच्या लोकांना बागांडा ‘बासोमी’ म्हणू लागले, म्हणजे वाचणारे.

त्याची फौज खरंच दीड लाखांची होती का?

तो आकडा स्टॅन्लीचा. १८७५ मध्ये सरोवरातल्या बुवुमा बेटांवरच्या मोहिमेत तो हजर होता. त्याच्या आकड्यावर इतिहासकारांचा विश्वास नाही, तो फुगवलेला आहे.

होड्यांचं आरमार मात्र खरोखर मोठं होतं, त्या मोहिमेत तीनशेच्या वर होड्या जमल्या होत्या. लांब फळ्या तंतूंनी शिवून केलेल्या, आणि पुढे वर आलेल्या नाळेवर हरणाची शिंगं आणि पिसांचा तुरा. या आरमाराच्या सरदाराची पदवी गाबुंगा. एवढं असूनही बुवुमाच्या लोकांनी मुटेसाला बरेच दिवस झुंजवलं.

मुटेसा कसा वारला?

शेवटची काही वर्षं तो दुखण्याने जेरीस आला होता. मिशनऱ्यांची औषधं आणि देवऋषींचे उपाय दोन्ही झाले. राजवाड्याच्या दाराशी प्रत्येक कबाकाच्या नावाने एक अग्नी अखंड पेटता ठेवतात. राजा गेला की तो विझवतात आणि बुगांडाचा अग्नी विझला असं सांगतात.

पूर्वी कबाकाच्या प्रेताचा खालचा जबडा काढून वेगळ्या देवळात जपत असत. मुटेसाचं शरीर अखंड पुरलं गेलं. असा अखंड पुरला गेलेला तो पहिला कबाका.

पुढे राज्याचं काय झालं?

मुलगा म्वांगा अठराच्या आतबाहेरचा असताना गादीवर आला. बापाला जे वजन तोलता येत होतं ते त्याला झेपलं नाही. १८८८ नंतर धर्माच्या नावाने यादवी पेटली आणि १८९४ मध्ये इंग्रजांचं संरक्षित राज्य आलं. स्वतंत्र युगांडात १९६७ मध्ये राजेशाही खालसा झाली. १९९३ मध्ये ती मानापुरती परत आली आणि रोनाल्ड मुवेंडा मुटेबी दुसरे कबाका झाले. ते ३६वे.

कसुबीला काय पाहायला मिळतं?

कंपालातल्या या टेकडीवर मुटेसाने १८८२ मध्ये बांधलेला वाडा होता आणि तिथेच त्याला पुरलं. पुढे म्वांगा, डाउडी च्वा आणि एडवर्ड मुटेसा दुसरा हे तिघेही इथेच आले. मुख्य वास्तू गोल, ३१ मीटर व्यासाची, गवताने शाकारलेली, छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं. आतून वर पाहिलं की गवताच्या वेण्यांची एकाखाली एक ५२ कडी दिसतात, बुगांडाच्या ५२ कुळांची. २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. १६ मार्च २०१० च्या रात्री ती जळली. लोक रडत टेकडीवर धावले होते. नंतर शाकारणी करणाऱ्या कुळाच्या लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि २०२३ मध्ये धोक्यातल्या वारशाच्या यादीतून तिचं नाव निघालं.

आत चपला काढून चटयांवर बसायचं असतं. समोर सालीच्या कापडाचा भलामोठा पडदा असतो आणि त्याच्या मागच्या भागाला किबिरा म्हणतात, म्हणजे रान. तिथली माणसं मुटेसा मेला असं बोलत नाहीत. तो रानात गेला, असं म्हणतात.